ओव्हाळ सरांनी वगळलेलं नाव

ओव्हाळ सरांच्या निःपक्षपातीपणाबद्दल लोकमंगल विद्यालयात कुणालाही शंका नव्हती. शंका होती ती एकट्या सरांना, आणि सगळा घोळ तिथूनच झाला.

डोंबिवलीत मानपाडा रोडवरच्या त्या शाळेत महेंद्र ओव्हाळांनी उभा जन्म बीजगणित शिकवलं. माणूस नाकासमोर चालणारा. शाळेचा खडूचा तुकडासुद्धा घरी न्यायचा नाही. कुणा पालकाने मिठाईचा पुडा आणलाच तर तो स्टाफरूमच्या टेबलावर उघडून ठेवायचा आणि स्वतः त्यातला कणही तोंडात घालायचा नाही. अशा माणसाचं कौतुक सगळ्यांना असतं, पण त्याच्या घरात राहायची पाळी शत्रूवरही येऊ नये. हे त्यांची बायको नंदाच हसत हसत सांगायची, आणि त्यातलं निम्मं तरी ती मनापासून म्हणायची.

सर असे झाले त्याला कारण होतं. ते कळव्याच्या चाळीत वाढले. आई जाईबाईंनी लोकांची धुणीभांडी करून मुलाला बीएस्सी, बीएड केलं. चाळीतल्या बौद्ध घरांमधून मास्तर झालेला हा पहिलाच. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्या वर्गातला एक बौद्ध मुलगा गणितात पहिला आला. मुलगा हुशार होता, आधीच्या वर्षीही पहिलाच होता. पण स्टाफरूममधले एक जुने मास्तर हसून म्हणाले, "ओव्हाळ आले, आता त्यांच्या लोकांचे नंबर बघा कसे वर येतात ते." सगळे हसले. मग त्याच मास्तरांनी सरांपुढे चहाचा कप सरकवला. सरांनी चहा घेतला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. सरांनी पुढे जन्मभर तेच केलं. आपल्याकडे कुणी बोट दाखवू नये एवढ्यासाठी ते जे जे करत गेले त्याला लोक तत्त्व म्हणू लागले, आणि हळूहळू सरही तेच म्हणू लागले.

याची झळ सगळ्यात जास्त लागली ती मुलाला. सम्यक त्याच शाळेत, वडिलांच्याच वर्गात. वर्गात पप्पांना सर म्हणायचं, हे ठीकच. मास्तरांची सगळीच मुलं म्हणतात. पण बाकीच्यांना उत्तर चुकलं तरी रीत बरोबर म्हणून जे गुण मिळायचे, ते सम्यकला मिळायचे नाहीत. नववीत गणिताचं बक्षीस असंच त्याच्या हातून गेलं. संध्याकाळी त्याने पेपर वडिलांपुढे ठेवला.

"पप्पा, रीत बरोबर होती."

"होती."

"मग?"

"मग काही नाही. तू माझा मुलगा आहेस."

सम्यकने पेपर दप्तरात घातला आणि तो क्रिकेट खेळायला पळाला. कुढत बसणारा पोरगा नव्हता तो. नंदाने मात्र दोन दिवस नवऱ्याशी अबोला धरला.

हाच सम्यक पुढे डॉक्टर झाला, तोही भाजलेल्या माणसांचा. कल्याणच्या एका धर्मादाय रुग्णालयात त्याने भाजलेल्यांचा वॉर्ड उभा केला आणि शेजारीच त्वचापेढी काढली. मेलेल्या माणसाचे डोळे दान करता येतात हे लोकांना ठाऊक असतं. कातडीही देता येते, आणि ती भाजलेल्याच्या अंगावर बसवून त्याचा जीव वाचवता येतो, हे कल्याण-डोंबिवलीत कितीतरी घरांना सम्यकने दारात उभं राहून सांगितलं. तेही जिथे अजून प्रेत उचललेलं नाही अशा दारात. कुणी अंगावर धावून यायचं, कुणी रडत रडत हो म्हणायचं. एकदा त्याला मुंबईत मोठा पुरस्कार मिळाला. तो घेऊन तो आईवडिलांच्या कोपरच्या घरी आला तेव्हा सर "छान" म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. चष्म्यावर काहीही नव्हतं.

गेल्या वर्षी शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला. नाव कमावलेल्या माजी विद्यार्थ्यांचा आणि जुन्या शिक्षकांचा सत्कार त्या वर्षापासून दरवर्षी करायचं ठरलं, आणि नावं निवडायला समिती नेमली गेली. निवृत्त झालेले ओव्हाळ सर तिचे अध्यक्ष. निवृत्त मुख्याध्यापिका सुमती करमरकर बाई होत्याच. माजी विद्यार्थी संघाचा चिटणीस सुदेश भोईर होता. हा सुदेश सम्यकचा वर्गमित्र, बाकावर शेजारी बसणारा. आता डोंबिवलीत त्याचा बांधकामाच्या सामानाचा धंदा होता, आणि शाळेचं कुठलंही काम असलं की तो धंदा सोडून धावत यायचा.

बैठकीत सुदेशने पहिलंच नाव घेतलं ते डॉक्टर सम्यक ओव्हाळ.

"हे नाव नको," सर म्हणाले.

"काय बोलताय सर? सम्या नाय तर कोण मग? त्याच्याएवढं काम केलंय कोणी आपल्यातनं?"

"काम केलंय, मी नाही म्हणत नाही. पण मी समितीत असताना माझ्याच मुलाचं नाव आलं, तर लोक काय म्हणतील?"

"कोण म्हणणारे? नाव सांगा, मी बघतो त्याला."

"म्हणणारे म्हणतात, सुदेश. तुला नाही कळायचं ते."

सुमतीबाई म्हणाल्या, "ओव्हाळ, मग एवढ्यापुरते तुम्ही समितीतून बाजूला व्हा. म्हणजे प्रश्नच मिटला."

वाट इतकी सरळ होती. वर्गात कुणाला इतकी सोपी रीत सुचली नसती तर सरांनी त्याला बाकावर उभं केलं असतं. पण अध्यक्षपद सोडायची कल्पना सरांना मानवली नाही. ज्या शाळेत तो चहाचा कप पुढे आला होता, त्याच शाळेत आज ते अध्यक्षाच्या खुर्चीत बसले होते. ती खुर्ची सोडवेना, आणि सोडवत नाही हे स्वतःशी कबूलही करवेना. म्हणून त्यांनी तत्त्व पुढे केलं. "पुढच्या वर्षी मी समितीत नसेन. तेव्हा घ्या खुशाल," ते म्हणाले, आणि सम्यकच्या नावावर स्वतःच्या पेनाने काट मारली.

घरी येऊन त्यांनी हे नंदाला सांगितलं तेव्हा आवाजात चक्क अभिमान होता. नंदा मेथी निवडत होती. तिचा हात थांबला.

"त्याला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? त्याला कमी का मानसन्मान मिळालेत?"

"बाहेरचे मिळालेत," नंदा म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडू लागली.

सरांनी सम्यकला फोन केला. तो हसला. "बरं झालं पप्पा. मला तसंही त्या दिवशी ऑपरेशनं आहेत." सरांचा जीव भांड्यात पडला. बघ, मुलगा कसा समजूतदार आहे, असं त्यांनी नंदाला ऐकवलंही.

प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या दिवशी मात्र सम्यक आला. मांडवात अगदी मागच्या रांगेत, बायकोशेजारी बसला आणि प्रत्येक नावाला टाळ्या वाजवत राहिला. त्या शाळेची सत्काराची एक रीत होती. शाल पाहुण्याच्या हातून घालायची नाही, ज्या मास्तरांनी शिकवलं त्यांनीच घालायची. त्यामुळे सर दिवसभर स्टेजवर उभे होते. कुणी बँकेतला मोठा साहेब, कुणी वकील, कुणी नाटकातली नटी, सगळ्यांच्या खांद्यांवर त्यांनी शाली घातल्या. सगळे त्यांच्या पाया पडले. सर त्या दिवशी फार सुखात होते.

कार्यक्रम सुटल्यावर बापलेक रिक्षा स्टँडपर्यंत चालत निघाले. नंदा आणि सून अमृता मागून येत होत्या. सम्यकने वडिलांच्या हातातलं शाल-नारळाचं ओझं घेतलं.

"पप्पा, पुढच्या वर्षी नक्की ना?"

"काय?"

"माझी शाल. तुम्ही समितीत नसलात तरी स्टेजवर या. मला तुमच्याच हातून हवीय."

आता इथे बापाने काय म्हणावं? हो रे बाळा म्हणावं, पाठीवर थाप मारावी, काही नाही तर गप्प तरी बसावं. सरांना थट्टा सुचली. जन्मात चार वेळा केली असेल, त्यातली ही एक.

"मेरिटमध्ये बसलास तर," ते म्हणाले.

सम्यक मोठ्याने हसला आणि त्याने रिक्षाला हात केला.

ऑगस्टमध्ये सम्यक गेला. दोन ऑपरेशनांच्या मधे डॉक्टरांच्या खोलीत खुर्चीवर बसला, चहा सांगितला, आणि चहा यायच्या आत छातीत कळ येऊन गेला. दोन जिन्यांवर हृदयाचे डॉक्टर होते, तेही धावत आले, पण काही उपयोग झाला नाही. चाळिशी ओलांडून त्याला फार दिवस झाले नव्हते. त्वचेचं कुणी विचारायच्या आत अमृतानेच त्वचापेढीच्या माणसांना सांगितलं, घ्या म्हणून. सरांनी फक्त मान हलवली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी कोपरच्या त्या लहानशा घरात माणसं मावेनात. भन्तेजींच्या मागोमाग सरांनी त्रिशरण, पंचशील म्हटलं, आवाज न कापता. मग वॉर्डातून बरी होऊन गेलेली माणसं एकेक करून पुढे आली. कुणाच्या मानेवर चट्टे, कुणाचा हात कोपरापासून आकसलेला. एका बाईचा अर्धा चेहरा नव्या कातडीचा होता. तिने सरांचे दोन्ही हात हातात घेतले.

"देवमाणूस होता हो तुमचा पोरगा. माझ्या नवऱ्यानं मला टाकलं, यांनी नाय टाकलं."

सर तिच्याकडे बघत राहिले. मेरिटमध्ये बसलास तर. हे शब्द तेव्हा जे कानात येऊन बसले ते पुन्हा गेले नाहीत. जेवताना, दाढी करताना, पेपर वाचताना ते यायचे. सरांना रडू येत नव्हतं. नंदा रडून मोकळी व्हायची, आणि सर तिला पाणी आणून द्यायचे. तिला हेवा वाटावा असं त्यांच्याकडे काही नव्हतं, त्यांनाच तिच्या रडण्याचा हेवा वाटायचा.

डिसेंबरात सुदेश घरी आला. खुर्चीत न बसता खाली सतरंजीवरच बसला.

"सर, यंदा सम्याचा सत्कार ठरलाय. मरणोत्तर." त्याला तो शब्द धड उच्चारता येईना. "आणि तुमचा पण. आदर्श शिक्षक म्हणून. समितीनं एकमतानं ठरवलंय."

"सम्यकचा करा. माझा नको."

"तसं नाय होणार सर. दोघांचा एकत्रच ठरलाय. बापलेक एका स्टेजवर. तुम्ही नाय म्हटलात तर मला वाटेल तुम्ही माझ्यावर राग धरलाय."

नंदा आतून म्हणाली, "करू दे त्यांना. पोराचं नाव एकदा त्या शाळेत पुकारलं जाऊ दे."

अमृता मात्र भडकली. ती कल्याणला एका शाळेत शिकवायची, आणि नवरा गेल्यापासून दर रविवारी कोपरला येऊन सासूबरोबर स्वयंपाक करायची. तिने कधी शब्दाने दुखवलं नव्हतं. त्या रविवारी हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून ती बाहेर आली.

"जिवंत होता तेव्हा शाल नाही मिळाली, आता फोटोला घालणार?"

"अमृता, चुकलंच माझं. पण तेव्हा त्याला वाईट नव्हतं वाटलं. त्या दिवशी ऑपरेशनं होती त्याला..."

"नव्हती, पप्पा." अमृताचा आवाज एकदम खाली आला. "सुदेशदादांनी त्याला आधीच फोन करून सांगितलं होतं, तुझं नाव फायनल समज म्हणून. त्याने त्या दिवसाची सगळी ऑपरेशनं पुढे ढकलली. वॉर्डात पेढे वाटले. सिस्टर लोकांना सांगत होता, पप्पा शाल घालणार आहेत. मोठा पुरस्कार मिळाला तेव्हासुद्धा नव्हते वाटले त्याने पेढे. मग तुमचा फोन आला. मला म्हणाला, पप्पांना यातलं काही कळू देऊ नको, त्यांना वाईट वाटेल."

पोळी करपल्याचा वास आला तशी नंदा उठून आत गेली. सर खुर्चीत बसल्या जागी एवढे लहान दिसू लागले की अमृतालाच भरून आलं आणि ती त्यांच्या पायाशी बसली. पण बोललेलं परत घेता येत नाही, आणि परत घ्यावं असं तिला वाटतही नव्हतं.

जानेवारीत शाळेत पुन्हा मांडव घातला. स्टेजवर टेबलावर सम्यकचा फोटो ठेवला होता, हसरा, मोठा केलेला. सुदेशने नाव पुकारलं. शाळेच्या रीतीप्रमाणे शाल घालायला ओव्हाळ सर उठले. अमृता फोटोशेजारी उभी राहिली. सरांनी शाल उलगडून फोटोवर घातली. काचेवरून ती घसरली. त्यांनी पुन्हा घातली, पुन्हा घसरली. कुणीतरी टाचणी आणायला धावलं. सर म्हणाले, "राहू दे," आणि दोन्ही हातांनी ती शाल फोटोच्या खांद्यांवर धरून उभे राहिले. फोटोग्राफरने खूण केली तरी सोडेनात. शेवटी अमृताने त्यांचे हात हळूच सोडवले आणि शाल स्वतःच्या हातावर घेतली.

मग सरांना खुर्चीत बसवून त्यांचं मानपत्र वाचायला घेतलं. मजकूर शाळेतल्याच कुणीतरी मन लावून लिहिला होता. शिस्त झाली, खडूचा तुकडा झाला, मिठाईचा पुडा झाला. मग वाचणाऱ्या शिक्षकांनी आवाज चढवला. "आणि सुवर्णमहोत्सवी वर्षात सत्कारासाठी आलेलं पोटच्या मुलाचं नाव ज्यांनी स्वतःच्या हाताने वगळलं, ज्यांच्या तराजूत आपपरभाव कधीच नव्हता, अशा या निःस्पृह गुरुवर्यांना..." पुढचं ऐकूच आलं नाही. सगळा मांडव उभा राहिला. टाळ्या थांबेनात. पुढे बसलेल्या मुलांना बाईंनी खुणेने उभं केलं, तीही वाजवू लागली. पहिल्या रांगेत नंदा तेवढी बसून होती, पदराचं टोक तोंडात धरून.

सर माईकपाशी गेले.

"हे खरं नाही," ते म्हणाले. "म्हणजे नाव मी वगळलं, हे खरं आहे. पण त्यात निःस्पृह काही नव्हतं. मी लोकांना भ्यालो. माझा मुलगा पात्र होता, मला ठाऊक होतं, आणि मी लोकांना भ्यालो. याच्यासाठी टाळ्या वाजवू नका. हात जोडतो, नका वाजवू."

मग कुठूनतरी "वा, सर!" असा आवाज आला आणि आधीपेक्षा दुप्पट टाळ्या पडल्या. केवढा हा विनय, असं पाहुणे शेजारच्याच्या कानात म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण बघा, स्वतःकडे कमीपणा घेतो. सर माईक धरून उभे होते, आणि त्यांना कळलं की या गावात आपल्याला कुणी चूक ठरवणार नाही. जन्मभर ज्यासाठी धडपडले ते त्यांना मिळालं होतं. आता कुणीही, कधीही बोट दाखवणार नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर पाया पडणाऱ्यांची रांग लागली. शेवटी एक तरुण शिक्षिका पुढे आली. बरोबर नववीतली तिची मुलगी, शाळेच्या गणवेशात.

"सर, मी मृणाल. इथेच विज्ञान शिकवते. ही माझी ऐश्वर्या, माझ्याच वर्गात आहे. तुमचाच आदर्श ठेवलाय मी, खरं सांगते. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाला हिचा प्रयोग निवडला होता. मी म्हटलं, नको, लोक म्हणतील आईने घातलं. परवाच काढलं नाव. ऐशू, पाया पड सरांच्या."

मुलगी वाकली. उठली तेव्हा ती सरांकडे नाही, आईकडे बघत होती. रागाने नाही. आईला बरं वाटलं ना, एवढंच ती बघत होती. ती नजर सरांनी घरात सम्यकच्या डोळ्यांत किती वर्षं पाहिली होती, आणि आज पहिल्यांदा ती कशाची आहे ते त्यांना समजलं.

"घाला," ते म्हणाले.

"काय सर?"

"तिचं नाव परत घाला. उद्याच घाला. पोरीने केलंय ना ते? मग जाऊ दे तिला."

मृणाल गोंधळली, मग हसली. "सर, तुम्ही माझी परीक्षा घेताय ना? मी नाही डगमगायची."

सरांनी तिचे दोन्ही हात धरले. एवढ्या माणसांत, ज्या शाळेत त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता त्या शाळेत, त्यांचा आवाज फुटला.

"परीक्षा नाही हो घेत, बाई. माझा मुलगा गेला. माझा मुलगा गेला हो."

आणि ते रडू लागले. ऑगस्टपासून अडलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. लोक मागे सरले, कुणी खुर्ची आणली, कुणी पाणी. मुलगी घाबरून आईला बिलगली, आणि मृणालने नकळत तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. गर्दीतून वाट काढत नंदा आली. नवऱ्याच्या शेजारी उभी राहून ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि त्यांना रडू दिलं.